नळाला पाणी आलं की वायफाय जातं

तक्रार अशी होती: लॅपटॉपचं वायफाय आठवड्यातले तीन-चार दिवस धड चालायचं नाही आणि उरलेले तीन-चार दिवस कधी काही झालंच नव्हतं असं पळायचं. त्याच घरात, त्याच राउटरवर माझा मोबाइल मात्र ठणठणीत. असा अधूनमधून येणारा बिघाड सगळ्यात छळतो. दाखवायला माणूस बोलवावा तर त्याच्यासमोर सगळं सुरळीत, आणि तो गल्लीच्या टोकाला पोचला की परत सुरू.

घर लातूरच्या जुन्या भागात. पुढची ओसरी आणि आतल्या दोन खोल्या माळवदाच्या, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींच्या. मधे उघडा चौक आणि त्याच्या मागं नंतर काढलेली स्लॅबची एक खोली. या मागच्या खोलीत भाची राहते. ताई परभणीकडं असते. पोरगी ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या तयारीला लातूरला आली, जशी मराठवाड्यातली कितीतरी पोरं मामाकडं, मावशीकडं नाहीतर खोली करून इथं येऊन राहतात. सकाळी क्लास, दुपारी घरी लॅपटॉपवर टेस्ट सिरीज. तीन तासांचा पेपर, आणि दीड तासाला स्क्रीनवर चक्र फिरायला लागायचं.

"मामा, सारखं कट व्हायलंय बघा. आता ह्यो पेपर धरायचा का सोडायचा?"

लॅपटॉप विंडोज ११चा, सेकंडहँड घेतलेला. त्यामुळं संशय आधी त्याच्यावर.

आधी आम्ही कुठं कुठं चुकलो ते सांगतो. राउटर बंद-चालू करणं हा पहिला उपाय, तो रोज दहा वेळा झाला. मग नेटवाला पोरगा आला. ओसरीत उभं राहून त्यानं मोबाइलवर स्पीड बघितला आणि म्हणाला, "राउटर ओके आहे दादा, लॅपटॉपचं कार्ड वीक आहे." लॅपटॉप दुकानात नेला, तिथं तो दिवसभर चालला. दुकानदार म्हणाला, "लॅपटॉप एकदम क्लीन. नेटचाच प्रॉब्लेम." दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांनीही जिथं बिघाड नव्हता तिथं उभं राहून तपासलं होतं, एवढंच.

मग मी सेटिंगमधलं नेटवर्क रीसेट केलं. (त्यानं लॅपटॉपमधले साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड उडतात, हे आधी माहीत असलेलं बरं.) चार दिवस झकास. पाचव्या-सहाव्या दिवशी परत तेच. ड्रायव्हर नवा टाकला, परत काही दिवस झकास. शेवटी सगळा डेटा काढून विंडोज फॉरमॅट मारलं आणि लागोपाठ चार दिवस एकदाही कनेक्शन तुटलं नाही. घरात माझा भाव वधारला. मग एका सकाळी भाची दारात उभी, हातात लॅपटॉप, तोंडावर तोच भाव. प्रत्येक उपाय चार दिवस लागू पडत होता. हीच खरी खूण होती, पण तेव्हा मला ती उपायाची शाबासकी वाटली.

आधी फाळणी करा

"नेट गेलं" या दोन शब्दांत दोन वेगळे बिघाड बसतात. लॅपटॉप ते राउटर हा टप्पा हवेतला. राउटर ते बाहेरचं जग हा टप्पा वायरीचा. कुठला तुटला हे कळल्याशिवाय ड्रायव्हरला हात लावू नका, नेटवाल्याला फोनही करू नका.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. (अक्षरं अर्थातच इंग्रजी.) वायफायच्या भागात डिफॉल्ट गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तो तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता पिंग लिहा, जागा सोडा, हा पत्ता लिहा, परत जागा सोडा आणि आडव्या रेघेला चिकटून टी लिहून एंटर मारा. दर सेकंदाला एक ओळ यायला लागेल. दुसरी तशीच खिडकी उघडून तिथं पत्ता द्या ८.८.८.८, हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारं बाहेरचं यंत्र. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा आणि आपलं काम करत राहा. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी.

कनेक्शन तुटेल तेव्हा या खिडक्यांकडं बघायचं. राउटरचं उत्तर चांगल्या वायफायवर १ ते ५ मिलिसेकंदांत येतं. राउटरची खिडकी व्यवस्थित चालू आहे आणि ८.८.८.८वर "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येतंय, तर लॅपटॉप निर्दोष आहे, बिघाड बाहेरच्या वायरीत. दोन्ही खिडक्या एकदम अडखळल्या, तर दोष घरातल्या हवेतला. आमच्याकडं दोन्ही अडखळत होत्या. राउटरकडून येणारं उत्तर कधी २००, कधी ८०० मिलिसेकंद, मग चार ओळी गायब. म्हणजे नेटवाल्याला दिलेल्या सगळ्या शिव्या वाया गेल्या.

याच परीक्षेची दुसरी बाजू म्हणजे लॅपटॉपला राउटरची वायर थेट जोडून तासभर वापरणं. वायरीवर एकदाही तुटलं नाही तर वायफायशिवाय दुसरा गुन्हेगार नाही. नव्या पातळ लॅपटॉपांना वायरीचं भोकच नसतं, मग यूएसबीचा लॅन ॲडॅप्टर कुणाकडून तरी मागून आणावा लागतो.

आणि मोबाइलचं काय? तो तर मागच्या खोलीतही चालायचा! इथं मी महिनाभर फसलो. वायफाय अडखळलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तुलना करायची तर आधी मोबाइल डेटा बंद करा. बंद केला, आणि मागच्या खोलीत फोनही लॅपटॉपसारखाच रडायला लागला. सेकंडहँड लॅपटॉपची त्या क्षणी निर्दोष मुक्तता झाली. निदान मला तसं वाटलं.

विंडोजची स्वतःची वही

विंडोज वायफायचा हिशेब ठेवतं, पण हे फार जणांना माहीत नसतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि चार शब्द लिहा: नेटश, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट (netsh wlan show wlanreport). एक अहवाल तयार होतो, तो कुठं ठेवला ते खालीच लिहून येतं आणि ब्राउझरमध्ये उघडता येतो. त्यात मागच्या तीन दिवसांत कधी जोडलं, कधी तुटलं, तुटण्याचं कारण काय, हे सगळं वेळेसकट असतं. शेवटचा शब्द बदलून इंटरफेसेस लिहिलं तर त्या क्षणाचा सिग्नल टक्क्यांत दिसतो, चॅनल आणि वेगही दिसतो. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून याला लोकेशनची परवानगी लागते, तेव्हा आज्ञा अडली तर सेटिंगमध्ये लोकेशन चालू करा.

टक्क्यांचा अर्थ लावायला एक सोपं गणित आहे. सिग्नलची शक्ती डीबीएममध्ये मोजतात, आणि दोन शक्तींतला फरक डीबीमध्ये. विंडोज उणे १०० डीबीएमला ० टक्के आणि उणे ५० डीबीएमला १०० टक्के धरतं. म्हणजे ७० टक्के म्हणजे उणे ६५, आणि ४० टक्के म्हणजे उणे ८०. व्हिडिओ कॉल बिनघोर चालायला उणे ६७च्या आसपास किंवा त्याहून बरा सिग्नल लागतो. उणे ८०ला कनेक्शन नावापुरतं असतं: आयकॉनवर एक-दोन रेघा दिसतात, पान काही उघडत नाही. आणि दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते, हे लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडणार आहे.

अहवालातून दोन गोष्टी निघाल्या. काही तुटणं सिग्नल कमी पडून होत होतं. पण काही वेळा सिग्नल चांगला असूनही कार्डच झोपी जात होतं, आणि ते लाईट गेल्यावरच व्हायचं. म्हणजे एकाच तक्रारीखाली दोन आजार होते.

लाईट गेली की झोपणारं कार्ड

हा आजार आधी बरा झाला म्हणून आधी सांगतो. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि बॅटरी वाचवायच्या नादात वायफाय कार्डाची वीज कापतो. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते हे काय सांगायचं! डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये वायरलेस कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग पॉवर मॅनेजमेंट. तिथं "अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर" असं लिहिलेल्या चौकोनातली टिक काढा. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅबच दिसत नाही. तिथं बॅटरी सेव्हर बंद ठेवून बघा आणि कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस ॲडॅप्टर सेटिंग सापडलं तर ते बॅटरीवरही मॅक्झिमम परफॉर्मन्सला लावा. लिनक्स वापरणाऱ्यांनी नेटवर्क मॅनेजरच्या वायफाय पॉवरसेव्ह सेटिंगमध्ये ३ असेल तिथं २ करावं, काम तेच.

लाईट जाताना फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकदम तुटत असतील आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप जोडले जात असतील, तर कार्डाचा दोष नाही. इन्व्हर्टरवर बदली होतानाच्या झटक्यात राउटर रीस्टार्ट होतोय. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो मधे लावला की झालं. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून जा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट जोडून नवा राउटर घ्यायला लागलेला माणूस माझ्या शेजारी राहतो.

टिक काढली, लाईट गेली तरी कार्ड जागं राहिलं. पण आठवड्यातले ते तीन-चार दिवस जसेच्या तसे.

चॅनलचा खटाटोप

मधे चॅनल बदलून बघितलं. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतं, आणि पट्ट्यातल्या एकेका वाटेला चॅनल म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडं १ ते १३ चॅनल असले तरी ते एकमेकांवर चढलेले आहेत. शेजारच्याच्या पायावर पाय न देणारे तीनच: १, ६ आणि ११. गल्लीत सगळे राउटर ६ वर बसले होते, मी १ वर गेलो आणि चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २०वर आणली. संध्याकाळी थोडा फरक पडला. मग २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी केली. एकच नाव असलं की लॅपटॉप कधी ह्याच्यावर कधी त्याच्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला दोन-चार सेकंद जातात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण मातीच्या जाड भिंतीपुढं तो टेकतो. मागच्या खोलीला २.४ आणि ओसरीला ५ अशी वाटणी केली.

ज्यांचं ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून अचानक मिनिटभर गायब होतं त्यांनी चॅनलचा आकडा बघावा. ५२ ते १४४ या चॅनलवर रडारचा पहिला हक्क असतो. राउटरला रडारची चाहूल लागली, किंवा नुसता तसा भास झाला, तरी त्याला जागा सोडावी लागते. ३६ ते ४८ किंवा १४९च्या पुढचा चॅनल लावला की ही कटकट संपते.

आईचं कॅलेंडर

खरं कारण सापडलं ते कॉम्प्युटरमध्ये नाही, भिंतीवर.

मी भाचीला म्हणालो होतो, कधी तुटतं ते लिहून ठेव. वही कोण शोधणार, म्हणून तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात फुल्या मारायला सुरुवात केली. दिवसाला दोन-तीनपेक्षा जास्त वेळा तुटलं की फुली. वार जुळतोय का ते मी बघत होतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, काही जुळेना. आठवड्याचा हिशेब बसेना म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

एके दिवशी आई दुधाचा हिशेब करताना कॅलेंडरसमोर उभी होती. त्याच चौकोनांत ती नळ आल्याच्या दिवशी गोल काढते. आमच्याकडं नळ रोज येत नाही, कधी सात दिवसांनी, कधी नऊ, कधी दहा. गोल काढला नाही तर पुढचा नळ कधी यायचा याचा अंदाज लागत नाही.

"पोरी, तुझ्या फुल्या माझ्या गोलाच्या मागं मागं काऊन चालल्यात गं?"

मी जाऊन बघितलं. गोल, फुली, फुली, फुली, मग चार-पाच कोरे चौकोन. परत गोल, फुली, फुली, फुली, फुली, कोरे. दोन महिन्यांची पानं उलटली, सगळीकडं तेच. वार जुळत नव्हता कारण नळाला वार नव्हता.

आता चौकाकडं बघा. ओसरीतल्या आतल्या भिंतीच्या देवळीत राउटर, जमिनीपासून साडेतीन फुटांवर. मागच्या खोलीत भाचीचं टेबल, अडीच फुटांचं. आणि दोघांच्या बरोबर मधे, चौकात फूटभर ओट्यावर, हजार लिटरची काळी टाकी. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. तो उन्हाळा काढलेल्या लातूरकराला घरात कितीही साठवण असली तरी कमीच वाटते. आमच्याकडं ड्रम होतेच. ही टाकी फेब्रुवारीत आली आणि नेटची तक्रार मार्चमध्ये सुरू झाली. पण टाकीचा आणि वायफायचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार?

रिकामी प्लॅस्टिकची टाकी वायफायला दिसतसुद्धा नाही. पाणी मात्र दिसतं. पाण्याचे रेणू विजेच्या दृष्टीनं एका बाजूला धन, एका बाजूला ऋण असतात. रेडिओ लहरीबरोबर ते उलटसुलट फिरायला बघतात आणि लहरीची शक्ती खाऊन तिची उष्णता करतात. मायक्रोवेव्ह ओव्हन याच तत्त्वावर २.४५ गिगाहर्ट्झला चालतो आणि आपलं वायफायही त्याच्या अगदी शेजारी. (पाणी नेमक्या याच लहरीला झणकतं असं सांगतात ते खरं नाही, वरच्या ५ गिगाहर्ट्झला पाणी आणखी जास्त खातं.) काही सेंटिमीटर पाण्यातच बरीचशी शक्ती मुरते. इथं तर मीटरभर रुंदीची टाकी. सरळ वाट बंद, जे काही पोचायचं ते भिंतींवर आपटून, वळसा घालून.

अंदाज बरोबर आहे का ते मोजून बघितलं. नळ आला त्या सकाळी टाकी काठोकाठ असताना भाचीच्या टेबलावर सिग्नल ३६ टक्के. दुसऱ्या दिवशी ३८. तिसऱ्या दिवशी ३७. चौथ्या दिवशी पाणी निम्म्याच्या खाली गेलं आणि सिग्नल एकदम ७०. हळूहळू चढला नाही, पायरी चढावी तसा चढला, कारण पाण्याची पातळी राउटर आणि लॅपटॉपला जोडणाऱ्या रेषेच्या खाली गेली होती. ३६वरून ७० म्हणजे १७ डीबी, म्हणजे सुमारे पन्नास पट शक्ती. माझं नेटवर्क रीसेट, माझा ड्रायव्हर, माझं फॉरमॅट, सगळ्यांचं चार दिवसांचं यश आता नीट समजलं. मी नेहमी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वैतागून काहीतरी करत होतो आणि तेवढ्यात टाकी निम्मी होत होती.

ज्यांच्याकडं टाकी नाही त्यांनी हसू नये. तुमच्या राउटरच्या आड फ्रिज असेल, लोखंडी कपाट असेल, पत्र्याची कोठी असेल. फरक इतकाच की ती आठ दिवसांनी रिकामी होत नाही, म्हणून तुमचं नेट कायमच मंद असतं आणि तुम्हाला ते नेहमीचंच वाटतं.

हलवायचं काय

टाकी हलवायचा प्रश्न आईनं निकालात काढला. "नळाचा पाइप तिथंच येतो. टाकी हलायची नाही, तुझं ते डबडं हलव." भरलेल्या टाकीचं वजन हजार किलो, तेव्हा म्हणणं रास्त होतं.

डबडं देवळीतून काढलं. जाड भिंतीत कोरलेला कोनाडा ही राउटरसाठी घरातली सगळ्यात वाईट जागा आहे, तीन बाजूंनी माती. दिसायला मात्र छान दिसतो, लहान लाल-हिरवे दिवे, समोरून जाणारा नमस्कार करेल असा. आता तो दाराच्या वर सात फुटांवर फळीवर आहे. टाकी भरलेली असताना ३६चे ५५ टक्के झाले. एका फळीच्या खर्चात एवढं मिळालं. हलवताना फायबरची ती पातळ पिवळी वायर कोपऱ्यात मुडपू नका. तांब्याच्या वायरीसारखी ती दुमडलेली चालत नाही, आतला प्रकाश बाहेर गळतो आणि काच तुटते. लांबी कमी पडली तर ओढू नका, नेटवाल्याला बोलवा.

५५वर टेस्ट चालत होती, पण मला आता चेव आला होता. माळ्यावर जुना राउटर पडून होता. पंधरा मीटर लॅनची वायर आणली, चौकाच्या वळचणीखालून मागच्या खोलीत नेली आणि जुना राउटर तिथं जोडला. सिग्नल ९२ टक्के! आणि दुसऱ्या दिवशी घरातली सगळीच यंत्रं वेड्यासारखी वागायला लागली. कुणाला नेट आहे, कुणाला नाही, टीव्ही म्हणतो जोडलंय पण इंटरनेट नाही.

ही चूक इतकी सर्रास होते म्हणून सविस्तर सांगतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटायचं काम राउटर करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. मी दोन वाटप करणारे बसवले होते आणि दोघंही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते. एका घरात दोन कारभारी, दोघांचं नावही एकच. जुन्या राउटरला आधी एकटा लॅपटॉपला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जायचं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा आणि डीएचसीपी बंद करायचं. मग पहिल्या राउटरकडून आलेली वायर त्याच्या वॅन लिहिलेल्या भोकात न घालता लॅनच्या भोकात घालायची. आता तो नुसता वायफाय फेकतो, कारभार एकाकडंच. कुठल्याही यंत्राचा पत्ता १६९.२५४ने सुरू झालेला दिसला तर समजा, त्याला पत्ता देणारं कुणी भेटलेलं नाही.

किरकोळ राहिलेलं. भाचीचे ब्लूटूथ इअरफोन लावले की २.४वर थोडं अडखळायचं, कारण ब्लूटूथही त्याच पट्ट्यात आणि बहुतेक लॅपटॉपांत दोघं एकाच कार्डावर. मागच्या खोलीतला राउटर ५ गिगाहर्ट्झ देणारा निघाला, लॅपटॉप त्यावर नेला, विषय संपला. यूएसबी ३ची हार्ड डिस्क लॅपटॉपच्या शेजारी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झ मरतो, हेही खरं आहे. इंटेलनं २०१२मध्येच ते मोजून छापलं आहे. डिस्क लांब वायरीवर ठेवली की पुरतं. विंडोज अपडेटनंतर दुसऱ्याच दिवसापासून बिघाड सुरू झाला असेल तरच ड्रायव्हरच्या मागं लागा आणि डिव्हाइस मॅनेजरमधलं रोल बॅक आधी वापरा. आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे बाहेरून सिग्नलच येत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकत असेल तर वरचं काहीही करू नका. वळवाच्या वाऱ्यात खांबावरची वायर गेलेली असते, तिथं आपल्या हातात फक्त फोन.

गेल्या बुधवारी रात्री पावणेदोनला नळ आला. आई उठली, मोटर लावली, टाकी काठोकाठ भरली. सकाळी साडेनऊला भाचीची टेस्ट होती. मी पिंगची खिडकी चालू करून ठेवली होती आणि तीन तास तिच्यामागं स्टुलावर बसून होतो, शेवटी तिनंच हाकललं. दहा हजार आठशेच्या आसपास ओळी आल्या. गहाळ दोन.

"त्या दोन कामून गेल्या मग?" ती विचारत होती. बहुधा मी मधे टेबलाचा प्लग हलवला तेव्हा.

पेपर अवघड होता म्हणाली.